आतला पंखा

"घरात माणसं किती?" वीज कार्यालयातून आलेल्या गणनेवालीने विचारले.

"दोन," काकू म्हणाल्या.

गणनेवालीने पेन उचलले आणि तसेच धरून ठेवले. या घरातले काका गेल्या उन्हाळ्यात वारले, हे शेजारच्या शिंप्याने तिला पायरी चढण्याआधीच सांगितले होते.

उन्हाळे असे भाजायला लागल्यापासून विजेचा हिस्सा माणशी ठरला होता. जितकी माणसे, तितकी वीज. त्यामुळे गल्लीत माणसे भराभर वाढू लागली होती. कालच एका घराने पोपट धरून सहा जण सांगितले, आणि पोपटानेही मान हलवून दुजोरा दिला. साहेबांनी तंबी दिली होती: डोळ्यांना दिसेल तेवढेच लिहायचे, एक जरी माणूस खोटा निघाला तरी नोकरी गेली.

खोलीत अंधार होता. खिडक्या सकाळी नऊलाच लावून घेतलेल्या, दारावर ओली चादर सोडलेली. बाहेर डांबर चपलांना चिकटत होते, त्या मानाने इथे बरे होते. तरी गणनेवालीच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि कागद मनगटाखाली ओला होत होता. डोक्यावरचा पंखा बंद होता.

"काकू, हा पंखा लावता का जरा?"

"आमच्याकडे एका वेळी एकच. माणूस तिथे पंखा, माणूस उठला की बटण बंद. चाळीस वर्षांची सवय आहे." काकूंनी आवाज खाली आणला. "आता आत चालू आहे ना. हे पडलेत जरा."

आतून पंख्याची घरघर येत होती, हे खरेच. गणनेवाली उठली आणि मधल्या दारातून डोकावली. खोलीत एक खाट होती, एक बंद खिडकी होती, दुसरे दार नव्हते. खाटेवरची चादर ताणून घातलेली, तिला एक सुरकुती नव्हती. वर पंखा गरगर फिरत होता आणि उशीच्या अभ्र्याचे टोक फडफडत होते. खाली वाकून तिने खाटेखालीही बघितले. बघताना तिची तिलाच लाज वाटली.

ती परत येऊन बसली आणि रकान्यात एक आकडा लिहिला. काकूंना तो उलटा दिसत होता, पण एकाचा आकडा उलटाही ओळखू येतो.

"बाई," काकू म्हणाल्या, "एका माणसाच्या हिश्श्यात पंखा दिवसाला तीन तास चालतो. मला नको हो, मी दारात बसून काढीन. पण ह्यांना सोसत नाही."

"काकू, आत कोणी नाहीये."

काकूंनी ते ऐकलेच नाही. हातातल्या ओल्या फडक्याची घडी त्या घालत होत्या, मोडत होत्या.

"गेल्या उन्हाळ्यात मी नको तिथे काटकसर केली. महिनाअखेरीला पुरावं म्हणून भर दुपारी पंखा बंद केला. म्हटलं, झोपलेत, कळणार नाही. फार हाल झाले ह्यांचे." त्यांनी फडके डोळ्यांना लावले. "एकदा झालं ते झालं. पुन्हा माझ्या हातून नाही व्हायचं तसं."

गणनेवालीला भडभडून आले. पण घरी तिचीही खाणारी तोंडे होती, आणि नोकरी अशी कोणाच्या डोळ्यांतल्या पाण्याने टिकत नाही. तिने कागद गोळा करायला घेतले.

आतल्या खोलीत टक् झाले.

घरघर मंदावत गेली आणि थांबली. गणनेवालीने काकूंकडे पाहिले. काकू समोरच होत्या, दोन्ही हात मांडीवर, हातांत फडके.

"उठले वाटतं," काकू म्हणाल्या.

मधल्या दारातून कोणी आले नाही. दाराजवळच्या फळीवर या खोलीतल्या पंख्याचे बटण होते, काळे, जुने, मधोमध झिजलेले. गणनेवालीची नजर तिथेच होती. ते बटण हळूच खाली गेले, आपण एखाद्याची झोप मोडू नये म्हणून दाबतो तसे. टक्.

डोक्यावरचा पंखा कुरकुरला आणि फिरू लागला. मानेवरचा घाम एकदम गार पडला. तिने बाहेरच्या दाराकडे पाहिले.

"बसा हो, घाबरू नका," काकू म्हणाल्या. "पाहुणा घामाघूम झालेला ह्यांना बघवत नाही. स्वतः उभे राहतील, पण पंखा पाहुण्याला देतील. स्वभावच तसा."

पंखा फिरत होता. मांडीवरचे कागद उडायला लागले, तसे गणनेवालीने ते हाताने दाबून धरले. मग तिने आकडा खोडला. त्याच्या शेजारी दुसरा काढला. खाली सही करून तिने कागद काकूंपुढे धरला.

काकूंनी वाकून तो नीट वाचला. मग गणनेवालीच्या खांद्यावरून पलीकडे पाहत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, लिहिले बरं का त्यांनी दोन. जा आता, पडा आत."

बटण वर गेले. थोड्या वेळाने आत घरघर सुरू झाली.