देवकाबाईंचं ‘नाही’

“समीक्षा, मग रिलीज एक तारखेला. हो ना?” पडद्यावरून तिच्या साहेबांनी, चंद्रकुमार सरांनी विचारलं.

‘हो’ तिच्या जिभेवर आलंच होतं. लॅपटॉपवर पुण्या-बंगळुरूच्या दहा टीमचे चेहरे छोट्या छोट्या चौकोनांत दाटीने बसले होते. सकाळपासूनची बैठक, सगळ्यांना जेवायला उठायचं होतं. तिने होकार दिला की पुढच्या तीन महिन्यांची आखणी पक्की होणार होती.

समीक्षा त्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर होती. रुग्णालयांतल्या नोंदी ठेवणारं एक भलंमोठं सॉफ्टवेअर या टीम मिळून बनवत होत्या. त्यात आधी काय व्हायचं, नंतर काय, हे ठरवणं तिचं काम. ठरवणं म्हणजे खरं तर कुणाला तरी नाही म्हणणं, आणि नेमकं तेच तिला जमायचं नाही. विक्रीवाल्यांना रंगीत तक्ते हवे होते, ती हो म्हणाली. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांना बिलं वेगळ्या नमुन्यात हवी होती, त्यांनाही हो म्हणाली. एका टीमचं काम दुसरीवर अडायचं, दुसरीचं तिसरीवर. समीक्षा मात्र सगळ्यांनाच शब्द देऊन बसलेली. त्या होकारांच्या ढिगाखाली नर्सच्या स्क्रीनची दुरुस्ती पुन्हा एकदा पुढे ढकलली गेली होती. प्रफुल्लची टीम ती करत होती. तो बोलून बोलून थकला होता.

ती स्क्रीन कशी आहे हे समीक्षाने डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या महिन्यात ती चिचगडच्या पुढे, जंगलातल्या एका छोट्या दवाखान्यात गेली होती. दुर्गा नावाची नर्स तापाने फणफणलेल्या बाईच्या औषधांच्या वेळा भरत होती. शेवटच्या ओळीवर नेटवर्क गेलं, आणि पान कोरं झालं. भरलेलं सगळं पुसलं गेलं. दुर्गाने कुरकुर केली नाही. ओशाळून समीक्षाकडे बघत ती म्हणाली, “माहंच काईतरी चुकलं असन, म्याडम,” आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा भरायला बसली. परतीच्या बसमध्ये समीक्षाला ते वाक्य सोसवलं नव्हतं. तरीही आज ती ‘हो’ म्हणायला निघाली होती. दहा टीमसमोर वाईटपणा कशाला!

ती तिरोड्याच्या घरून काम करायची. पावसाळ्यात आईला लकवा मारला, तेव्हापासून. देवकाबाईंची उजवी बाजू हळूहळू सावरली, पण वाचा गेली ती गेलीच. घरातली माणसं तिच्याजवळ बोलत राहू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून समीक्षाने आपलं टेबल आईच्याच खोलीत मांडलं. बैठक चालू असली की रंजिता वहिनी आईपाशी बसायची. आईच्या कानावर दिवसभर रिलीज, टीम, आखणी असलेच शब्द पडत. ती छताकडे बघत पडून राहायची.

एके काळी त्याच तोंडाला अख्खी गल्ली वचकून असे. देवकाबाई अंगणवाडीत होत्या. किडकं धान्य घेऊन आलेली गाडी त्यांनी एकटीने दारातून परतवून लावली होती. त्या धमकेतलं काहीच आपल्यात उतरलं नाही, असं समीक्षाला नेहमी वाटायचं.

“समीक्षा?” सरांनी पुन्हा विचारलं. “आवाज येतोय ना? हो म्हणू का सगळ्यांना?”

तिने तोंड उघडलं.

“नाई!”

आवाज तिचा नव्हता. पाठीमागून आला होता. घोगरा, ओबडधोबड, पण स्पष्ट. पडद्यावरचे सगळे चेहरे एकदम वर झाले.

समीक्षा खुर्चीला खिळून राहिली. मागे वळायचीही तिला भीती वाटली; वळलं आणि तो भास निघाला तर?

“कोण बोललं?” सरांनी विचारलं.

“माझी आई,” समीक्षा म्हणाली. “पाच महिन्यांनी बोलली, सर. नाही म्हणाली.”

मग समीक्षा सावकाश म्हणाली, “आणि मीही नाही म्हणते. एक तारखेला तक्ते जाणार नाहीत, नवी बिलं जाणार नाहीत. एकच गोष्ट जाईल. नेटवर्क गेलं तरी नर्सने भरलेलं पुसलं जाता कामा नये. ते होईपर्यंत बाकीच्या टीमनी आपलं काम बाजूला ठेवून प्रफुल्लला हात द्यायचा. ज्यांना मी शब्द दिलाय, त्यांना मीच फोन करीन.”

विक्रीवाले कुरकुरले. चंद्रकुमार सर कपाळ चोळत म्हणाले, “ठीक आहे, तसंच कर. पण विक्रीवाल्यांना आजच फोन कर. आणि आईंची काळजी घे.”

प्रफुल्लने चष्मा काढून डोळे पुसले.

लॅपटॉप मिटून समीक्षा खाटेकडे धावली आणि आईच्या कुशीत डोकं खुपसून हमसून हमसून रडली. “आई, तू सगळं ऐकत होतीस? इतके दिवस तुला सगळं समजत होतं?”

रंजिता वहिनीच्या हातात वाटी होती, चमचा हवेतच राहिला होता. गालांवरून पाणी वाहत असताना ती खो खो हसत सुटली.

“अवो ताई, तुमच्या मीटिंगले कायले नाई म्हन्तीन त्या? मी त्यायले बिनमिठाचा दलिया भरवून राहिली होती!”