खिडकीजवळचं टेबल

लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून नवऱ्याने तिला क्रूझवर आणलं होतं. "मीही पहिल्यांदाच चढतोय हं, गोंधळलो तर हसू नकोस," असं त्याने निघताना दहादा बजावलं होतं.

दोन दिवस तिची नुसती चंगळ चालली होती. तिची धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची आणि एक दाणा पोटात गेला तरी तिचं तोंड सुजायचं, म्हणून घरात शेंगदाण्याला कायमची बंदी. इथे मात्र ही लाउंजमधल्या वाट्यांतले खारे दाणे येता-जाता मूठमूठ उचलत होती.

दुपारी तो केबिनमध्ये घोरत पडलेला पाहून ती गुपचूप वरच्या मजल्यावर गेली. तिथल्या खास रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळचं टेबल ठरवून त्याला चकित करायचं होतं. काउंटरवरच्या मुलीला तिने नवऱ्याचं नाव सांगितलं, खिडकीजवळची जागा मागितली आणि मुठीतले उरलेसुरले दाणे तोंडात टाकले.

स्क्रीन वाचता वाचता ती मुलगी ताडकन उठली.



"अहो मॅडम, थुंका, थुंका ते आधी! गेल्या वर्षीच्या बुकिंगला साहेबांनी लिहून ठेवलंय, बायकोला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत, तोंड सुजतं!"