चादरीचं पलीकडचं टोक

हिंदी मुलखातल्या तेलीबांधा वस्तीत, राहत्या घरी सरलाला पुन्हा ताप भरला. विषाणूनं रूप पालटलंय, पण अंगाला जुनी ओळख राहते, निभावून जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

कोरोनाच्या लाटेत ती आणि नवरा नत्थू समोरासमोर बसून, एकाच चादरीखाली ओव्याची वाफ घ्यायचे. लेक रुचिता डोकावायला आली की नत्थू पलीकडचं टोक मुठीत आवळायचा. "बाहेरच राय पोट्टे, तुले लागन!" सरला बरी झाली. नत्थू दवाखान्यातून परतलाच नाही.

आज तिनं एकटीनंच गंजभर उकळतं पाणी पुढ्यात घेतलं आणि चादर डोक्यावरून ओढली. वाफेचा चटका बसला तशी समोरून हलकी फुंकर आली. तिला चटका बसला की नत्थू अशीच घालायचा.

सरला घाबरली नाही. उलट जरा सरकून बसली. "अजून इथंच बसून राहिले का जी तुमी?"

तेवढ्यात बाहेरून रुचिता म्हणाली, "आई, किससे बात कर रही हो? देखने दो."

रुचितानं समोरून चादर ओढली, ती ताणली गेली, पण उचलली गेली नाही.

"आई, कोना छोड़ो ना! इतना कसके क्यों पकड़ा है?"

सरलाचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.