डाव्या हाताची सही

"दे इकडे, मी करतो सही," डेल म्हणाला. "तुझ्या सहीचं वळण मला पाठ आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," सोल्वेग म्हणाली.

उन्हाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात कायमचा मांडीवर पडून राहिला. टपालाने मत देण्याचा अर्ज तिने त्याआधीच, हात धड असताना केला होता. आता मतपत्रिका घरी आली होती. डाव्या हातात पेन धरून ती खुणा करायला बसली, तर डेल खांद्यावरून डोकावू लागला.

"तोंड फिरव."

"मावशी, मत मलाच देणार आहेस. माझ्यापासून कसली चोरी?" तो हसला, पण खिडकीकडे वळला.

डेल तिचा सख्खा भाचा. काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्याच्या जागेसाठी उभा होता; तिथे हा अधिकारीसुद्धा मतांनीच निवडतात. समोर नॅडीन, सोळा वर्षं त्याच खुर्चीवर बसलेली. डेल गोड माणूस. हिवाळ्यात मावशीच्या दारातला बर्फ उपसायचा, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारायचा. नॅडीनचं तसं नव्हतं. एकदा सख्ख्या भावाच्या मताचं पाकीट वेळ टळल्यावर आलं, तर तिने ते मोजलं नाही. भाऊ अजून बोलत नाही तिच्याशी.

सोल्वेगने पत्रिका आतल्या कोऱ्या पाकिटात घातली, ते बाहेरच्या पाकिटात, आणि त्यावर सही केली. कोंबडीने माती उकरावी तशी ती उमटली. पाकीट टपालाने गेलं.

मतदान संपलं तसा डेल बंदूक घेऊन डोंगरात गेला. एल्क हरणांच्या शिकारीचे दिवस होते, आणि ते मोंटानात कुणी निवडणुकीसाठी वाया घालवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोल्वेगचा फोन वाजला.

"नॅडीन बोलतेय. सोल्वेगबाई, पाकिटावरची सही तुमच्या जुन्या सहीशी जुळत नाही. आज पाचच्या आत ओळखपत्र दाखवून सही तुमचीच आहे असं लिहून द्या. नाहीतर मत मोजता येणार नाही."

"येऊ कशी? मला गाडी चालवता येत नाही. डेल डोंगरात, त्याचा फोन लागत नाही."

पलीकडे किल्ल्या वाजल्या.

"बरं. घरीच थांबा."

दुपारी बर्फातून कचेरीची गाडी आली. नॅडीनबरोबर तिची सहकारी बर्निस होती. एकटीने जायचं नाही, असा नॅडीनचाच दंडक. बर्निसचं तोंड वाकडं झालं होतं. वाटभर ती एकच म्हणत आली होती, "फोन केलास, तुझं काम संपलं. मतं अगदी घासून चाललीत. तुझ्या नवऱ्याची औषधं या नोकरीच्या विम्यावर येतात, आणि तू वैऱ्याचं मत आणायला निघालीस?"

"मत सोल्वेगबाईंचं आहे," नॅडीन म्हणाली होती.

सोल्वेगने दार उघडलं. "डेल माझा कोण, ठाऊक आहे ना तुला?"

"सगळ्या काउंटीला ठाऊक आहे. ओळखपत्र दाखवा."

सोल्वेगने सही केली. अर्ध्यात पेन निसटलं, तिने पुन्हा उचललं. नॅडीनने घाई केली नाही की हात धरला नाही. नुसता कागदाचा कोपरा दाबून धरला.

"रानातल्या हकलबेरी घालून गोड पाई भाजलीय. खाऊन जा."

"मोजणी होईपर्यंत तुमच्याकडचं पाणीसुद्धा नको."

बर्निसने पाईकडे बघून उसासा टाकला. असल्या बाईला कुणी हट्टी म्हणेल, कुणी वेडी. मला विचाराल तर मी तिच्यासमोर टोपी काढून उभा राहीन.

पुढच्या सोमवारी मागे राहिलेली पाकिटं उघडली. दोघांची मतं सारखी झाली आणि टेबलावर एकच पाकीट उरलं. ते कुणाचं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. स्वतः उमेदवार म्हणून नॅडीन टेबलापासून लांब, भिंतीला टेकून उभी होती.

डेल तिच्याकडे गेला, हात पुढे केला. "वाईट वाटून घेऊ नकोस. पाकिटाचं काम तू स्वतः जाऊन केलंस म्हणे! कमाल आहे बाई तुझी."

"काम होतं ते," नॅडीन म्हणाली आणि तिने हात मिळवला.

"मावशी पण ना! मी सही करत होतो तेव्हा करू दिली असती, तर तुला हा हेलपाटा पडला नसता."

बर्निसने डोळे पुसले, पाकीट फोडलं आणि पत्रिका उलगडली. वाचली. मग शेजारी बसलेल्या मोजणीच्या पंचाला दाखवून पुन्हा वाचली.

डाव्या हाताने, रेषेबाहेर जराही न जाता काळं केलेलं वर्तुळ नॅडीनच्या नावापुढे होतं.