दहाव्याचा कावळा

रावसाहेबाच्या दहाव्याला सायखेड्याच्या घाटावर तास उलटून गेला, तरी कावळा पिंडाला शिवेना. "नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववू," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले.

रावसाहेबाच्या जागेवर अंबडच्या कंपनीत घरातल्या एकाला कायमची नोकरी मिळणार होती. चितेची राख निवायच्या आत भाऊबंदांनी त्या नोकरीची किंमतही ठरवून टाकली होती: चार एकर द्राक्षबाग, तीही गारपिटीत न जाणारी.

बाप गोटीराम पिंडापुढे हात जोडून म्हणाले, "रावश्या, तुझी नोकरी घराबाहेर जाऊ देणार नाय. तुझ्या धाकट्या भावालाच लावतो." कावळा फांदीवरून हललासुद्धा नाही. मग धाकटा पुढे सरसावला. "दादा, काळजी करू नको, वहिनीची सही आत्ताच घेतो." त्याच्या खिशातून ना-हरकतीचा कागद निघाला, पेन निघालं.

कावळ्याने पाठ फिरवली.

पिंडाशेजारीच त्याने ते पेन रावसाहेबाच्या बायकोपुढे, शुभांगीपुढे धरलं. तिने कागद चुरगाळून गोदावरीत भिरकावला आणि नवऱ्याच्या पिंडाकडे बघत म्हणाली, "अहो, तुमच्या जागेवर सोमवारपासून मीच कामाला जाते."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळ्याने पिंडावर झडप घातली.

गोटीराम गुरुजींकडे वळले.

 

"हा कावळा काय खरा नाय. तुम्ही दर्भाचाच करा."