आधीच्या माणसाचं काम

“कुठल्या गाढवाने केलंय हे?” डॉक्टर म्हणाले. बॉनेट अजून पुरतं उघडलंही नव्हतं.

गॅरेजात ही रीतच असते. गाडी कुणाचीही असो, दुखणं कुठलंही असो, आधी अगोदरच्या मेकॅनिकचा उद्धार करायचा आणि मग पान्याला हात लावायचा. गिऱ्हाईक दबतं. डॉक्टरांचा तर यात हातखंडा होता. डॉक्टर ते इंजिनांचे. माणसांना त्यांच्यापासून झाली तर डोकेदुखीच होई.

पण आजचं गिऱ्हाईक साधं नव्हतं. समोरच्या बाई शर्यतीच्या एका टीमच्या व्यवस्थापक होत्या आणि त्यांना सबंध मोसमासाठी इंजिनं जुळवणारा माणूस हवा होता. डॉक्टरांना ती नोकरी हवी होती. दहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या खटारगाड्या उघडून ते विटले होते. म्हणून आज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून बसले होते.

“एकदा बघून सांगा, काम कसं झालंय,” बाई एवढंच म्हणाल्या.

ही आपली परीक्षा आहे, हे डॉक्टरांनी ताडलं. परीक्षा म्हणजे चुका काढायच्या, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

त्यांनी लॅपटॉप जोडला. इंजिनाला मूळचा कॉम्प्युटर नव्हता, बाहेरून घेऊन बसवलेला होता. व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते कॅमशाफ्ट ठरवतो, आणि कॅमशाफ्टने किती अंश पुढे-मागे सरकायचं ते हा कॉम्प्युटर ठरवतो. सरकवायचं काम तेलाच्या दाबाचं. सेटिंगला पासवर्डचं कुलूप होतं, पण चालू इंजिनाचे आकडे पडद्यावर दिसत होते.

“हे बघा मॅडम. इंजिन सुरू होऊन चार मिनिटं झाली, कॅम जागचा हललेला नाही. तेल तापेपर्यंत त्याला मुद्दाम बांधून ठेवलंय.”

“असं कुणी का करेल?”

“घाबरट असेल. नाहीतर अडाणी. वर कुलूप लावलंय, म्हणजे आपली अक्कल चारचौघांना दिसायला नको.”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ते पाहून डॉक्टरांना आणखी चेव आला. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं मग बराच वेळ चाललं. आधीच्याची पाने धरायची पद्धत, त्याचा गुरू, त्या गुरूचा गुरू, कुणी सुटलं नाही.

मागच्या टेबलाशी त्यांची बायको वायरी सोलत बसली होती. गॅरेजातल्या वायरींच्या जुड्या तीच बांधायची. ती टॉर्च घेऊन आली, बॉनेटखाली वाकली आणि एका जुडीवरच्या गाठींकडे बराच वेळ बघत राहिली.

“अहो, जरा इकडे या.”

“थांब गं, कामाचं बोलतोय.”

“कामाचंच आहे.”

“नंतर.”

“बरं,” ती म्हणाली आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

इतक्यात तेल तापलं आणि कॅम हलला. पडद्यावर दोन रेषा धावू लागल्या. कॉम्प्युटर काय मागतो त्याची एक, कॅम काय देतो त्याची दुसरी. डॉक्टरांनी ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, परत दाबला. दोन्ही रेषा एकमेकींना सोडायला तयार नव्हत्या. इतकं नेमकं जुळवायला इंजिनापाशी चार-चार दिवस बसावं लागतं. अलीकडे ते एकाच गाडीचं सेटिंग दहा गाड्यांत ओतून मोकळे होत. त्यांना त्या अनोळखी माणसाचा सरळ सरळ हेवा वाटला.

“नशीब असतं एकेकाचं,” ते म्हणाले. “आंधळ्याच्या हातून लागला नेम.”

“म्हणजे या माणसाला घेऊ नये, असं तुमचं मत?”

“स्पष्ट बोलतो मॅडम. याला दारातसुद्धा उभं करू नका. मोसम बुडेल तुमचा.”

“नक्की?”

“लिहून घ्या.”

बाईंनी खरंच लिहून घेतलं. “आम्ही हे इंजिन एका जुन्या गाडीतून काढून या गाडीत बसवलं,” त्या म्हणाल्या. “सहा शर्यती झाल्या. बाकीची इंजिनं थंड असताना आचके देतात. याने एकदाही दिला नाही.”

“हिरवी गाडी होती का हो ती?” बायकोने विचारलं.

“हिरवीच.”

“आपलंच आहे ते,” बायको नवऱ्याला म्हणाली. “गाठी माझ्या आहेत. चार दिवस घरी जेवायला आला नव्हतात. थंड तेल जड असतं, कॅम चुकीचा सरकतो, असं झोपेतसुद्धा बडबडत होतात.”

डॉक्टरांनी बॉनेटखाली पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं. पण दहा वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलेला माणूस, सावरायला त्याला कितीसा वेळ लागतो? ते तोंडभर हसले.

“बघा मॅडम, म्हणजे हे माझंच काम निघालं. आहे की नाही नंबर एक?”

“तुमचंच आहे, ते माहीत होतं मला,” बाई वही पर्समध्ये ठेवत म्हणाल्या. “करारावर तुमची सही घ्यायलाच आले होते. बरं झालं, आधी मत विचारलं.”