तुरट

"तोंड उघड," नाना म्हणाले आणि माझी तीन वर्षांची रेवा टेबलाखाली शिरली. नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, चमच्यात डाळिंबाच्या सालीचा काढा होता. डॉक्टरांच्या औषधाने तिचे जुलाब थांबले होते, पण पोट अजून नाजूक होतं आणि घास घशाखाली उतरत नव्हता.

"घाण आजोबा!" टेबलाखालून आवाज आला.

नानांनी चमचा खाली ठेवला. "आता मला नुसतं बघितलं तरी पळते गं," ते इतकं हळू म्हणाले, की माझा हात भाजी परतता परतता थांबला.

मी रेवासाठी शिजवलेलं मुगाच्या डाळीचं कढण गाळलं, तूप-जिऱ्याची फोडणी दिली आणि त्यात त्यांचा काढा ओतला.

"अगं, दोन्ही नासवशील!"

"नाही हो नाना. कोऱ्या चहात दूध घातलं की तो जिभेला कसा तुरट लागत नाही? तसंच हे. तुरटपणाला चिकटायला डाळ मिळाली, की तो जिभेचा नाद सोडतो."

वाटी मी मुद्दाम नानांच्याच हातात दिली. रेवाने टेबलाखालून डोकं बाहेर काढून भीत भीत एक घोट घेतला, ओठ चाटले आणि सरळ त्यांच्या मांडीवर चढून बसली.

"अजून."

नाना तिला चमच्याने भरवत राहिले. सासूबाई गेल्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून नानांनी त्यांचा विषय कधी काढला नव्हता. आज वाटीत बघत म्हणाले, "तुझी सासू होती तोवर मीसुद्धा कुणाला तुरट लागलो नाही."